लायसन्स थांबतं तेव्हा

पक्षाघातातून सावरलेला माणूस चालू लागतो, नीट बोलू लागतो. आता गाडीही जमेल, असं त्याला मनापासून वाटतं. पण मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली असेल, तर डावीकडचं जग त्याच्या ध्यानातच येत नाही, असं होऊ शकतं. डोळे शाबूत असतात, तरी डावीकडून येणारी सायकल त्याच्या लेखी नसतेच. आणि काहीतरी सुटतंय, हेही त्याला कळत नाही.

म्हणून ‘मला आता बरं वाटतंय’ एवढ्यावर लायसन्स परत मिळत नाही.

फिट येणाऱ्यांसाठी नियम वेगळा. ब्रिटनमध्ये अपस्माराच्या रुग्णाला साधारणपणे सलग १२ महिने फिट आली नाही, तर कार पुन्हा चालवता येते. बस-ट्रकच्या चालकाला मात्र औषधांशिवाय १० वर्षं काढावी लागतात. त्याची नोकरीच जाते. तरीही हा नियम मला योग्य वाटतो.

लायसन्स परत देण्याआधीच्या फेरतपासणीत नजर, दृष्टिक्षेत्र (डोळे न हलवता आजूबाजूचं किती दिसतं), प्रतिसादाचा वेग पाहतात. पण खरी कसोटी रस्त्यावर. शेजारच्या प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो. मागे बसलेला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमायला मदत करणारा तज्ज्ञ, पाहतो, चौकात मान दोन्हीकडे वळते का, दोन गोष्टी एकदम समोर आल्या की माणूस गोंधळतो का. निकाल नेहमी ‘हो’ किंवा ‘नाही’ असाच नसतो. फक्त दिवसा, फक्त ऑटोमॅटिक गाडी, हाताने चालणारा ब्रेक, अशा अटींवरही परवानगी मिळू शकते.

कॅनडातल्या ऑन्टारियोत डॉक्टरांनी ‘गाडी चालवणं धोक्याचं’ असा इशारा दिलेल्या एक लाखाहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. इशाऱ्यानंतरच्या वर्षात, चालक म्हणून अपघातात सापडून इमर्जन्सीत येण्याचं त्यांचं प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी घटलं. जीव वाचवणारी गोष्ट आहे ही! पण नैराश्यामुळे इमर्जन्सीत येणं वाढलं आणि इशारा देणाऱ्या डॉक्टरकडे परत जाणं कमी झालं.

लायसन्स जाईल या भीतीने रुग्ण डॉक्टरपासून फिट लपवू लागला, तर उपचारही चुकतात. म्हणून लायसन्स थांबवतानाच पुढची वाट सांगायला हवी: फेरतपासणी कधी, कोणाकडे, त्यात काय पाहणार. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल, तर उपचारांनी दिवसाची गुंगी गेल्यावर स्टिअरिंग पुन्हा हाती येऊ शकतं.

स्मृतिभ्रंशात ही वाट बहुधा नसते. तिथे घरच्यांनी बोलणं लवकर सुरू करावं, त्या माणसाला स्वतःचा निर्णय घेता येतोय तोवर. दवाखान्यात कोण नेईल, मित्रांकडे कोण सोडेल, हे त्यालाच ठरवू द्यावं.