कुकरची शिट्टी

नवी मुंबईतली तुर्भे स्टोअर वस्ती, दुपारचे अडीच. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते आणि कॉटवर बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलाचे खांदे कानांपर्यंत चढतात. समोरच्या ताई लिहायच्या थांबतात. पेनाला टोपण लावून ते पिशवीत टाकतात.

ताई समाजकार्यकर्त्या आहेत. ही तिसरी गृहभेट. फाइलमध्ये आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलंय : 'मुलगा सहकार्य करत नाही. दर वेळी वेगळं सांगतो.'

मेंदूच्या आत, कानाच्या पातळीला, बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका जाणवला की तो विचार करत बसत नाही. छाती धडधडते, रक्तात कॉर्टिसॉल वाढतं आणि कपाळामागचा, शब्द जुळवणारा, सारासार पाहणारा भाग मागे पडतो. घरात वर्षानुवर्षं मारहाण पाहिलेल्या मुलाला त्यासाठी एक शिट्टीही पुरते.

घटनांचा क्रम लावणारं हिप्पोकॅम्पसही अशा भीतीत नीट चालत नाही. पट्ट्याचं बक्कल लख्ख आठवतं, दारूचा वास आठवतो. पण आधी काय झालं, मग काय झालं, ते सांगता येत नाही. आणि आपण त्याला खोटारडा ठरवतो! हे फार जिव्हारी लागतं. कारण हीच फाइल उद्या बाल कल्याण समितीपुढे जाते. मूल कुठे राहणार, हे तिथे ठरतं.

ताई डॉक्टर नाहीत, आजाराचं निदान त्या करत नाहीत. गरज वाटली तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची चिठ्ठी देतात. पण समोरचं गप्प बसणं हा उद्धटपणा नसून भीती असू शकते, हे ओळखायला एवढं विज्ञान पुरतं. मग बसण्याची जागासुद्धा बदलते. ताई खुर्ची सोडून जमिनीवर येतात, दाराची वाट मोकळी ठेवतात. 'का?' हा प्रश्न आज विचारायचा नाही.

आईचंही तेच. तारखा विसरते म्हणून तिला बेफिकीर म्हणणारे पुष्कळ. सतत धास्तीत जगणाऱ्या माणसाच्या डोक्यात तारखा टिकत नाहीत. ताई भिंतीवरच्या कॅलेंडरवर मंगळवारला लाल गोल करतात.

"मॅडम, हा बोलेल ना?"

"बोलेल, वहिनी. घाई नको करूया."

मग मुलाकडे वळून, "शाळेत आज खायला काय होतं रे?"

बराच वेळ कुणी बोलत नाही. ताईही नाहीत.

"खिचडी. आधी वाटाणे काढून टाकले. मग खाल्ली."