भूक कुठं ठेवलीस?

नमस्कार श्रोतेहो. सकाळची वेळ आहे, बऱ्याच जणांच्या हातात चहाचा कप असेल. असू द्या. बशीत खारी असेल तर मात्र कान इकडे द्या, कारण आज त्या खारीबद्दलच बोलायचंय. म्हणजे मला दिलेला विषय मोठा आहे, वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतरचं रोजचं जगणं. पण माझ्या अनुभवानं तो फिरून फिरून खारीपाशीच येतो.

मी डॉक्टर नाही. शाळेत गणित शिकवते. 2019 साली माझं बेरिअ‍ॅट्रिक ऑपरेशन झालं. वजन होतं 118 किलो, मधुमेह होता, गुडघे असे दुखायचे की फळ्यासमोर उभी राहून एक गणित सोडवलं की दुसरं मुलांना घरी करायला सांगायचे. दीड वर्षात 71 वर आले. आज 76 आहे. हे पाच किलो परत कसे आले ते सांगणार आहेच, पण आधी वारीची गोष्ट सांगते. ती राहून गेली तर मला आज झोप लागायची नाही.

त्याआधी दोन मिनिटं. या ऑपरेशनचे दोन प्रकार आपल्याकडे जास्त होतात. एक स्लीव्ह. त्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि उरते केळ्यासारखी एक नळी. दुसरा बायपास, जो माझा झाला. यात जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. ‘थेट’ हा शब्द लक्षात ठेवा, गोष्टीत लागणार आहे.

आणि घरी पाठवताना आहारतज्ज्ञ बाईंनी तीन गोष्टी घोकून घेतल्या. आधी प्रथिनं, मग भाजी, भात-भाकरी शेवटी. प्रत्येक घास अगदी लगदा होईपर्यंत चावायचा. आणि पाणी वेगळं, जेवण वेगळं. म्हणजे जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही. परत सांगते, पाणी वेगळं, जेवण वेगळं. आपल्याकडे ताटाबरोबर तांब्या-भांडं आधी मांडतात, त्यामुळे हे तिसरं सगळ्यात अवघड जातं.

तर वारी. 2023 साल. लहानपणापासून दिवे घाट मी खालून बघत आलेली. 118 किलोची बाई घाट चढणार कशी? त्या वर्षी ठरवलं, पुण्यातून पालखीबरोबर निघायचं आणि पंढरपूरपर्यंत पायी जायचं. घाट चढले. वर पोचल्यावर रडले, पण ते सोडा, तिथं सगळेच रडतात.

खरा घाट पुढं होता, तो खाण्याचा. वारीत उपाशी राहणं शक्यच नाही, मंडळी. दर शंभर पावलांवर कुणीतरी हात धरतं. पोहे, उप्पीट, केळी, बुंदी, राजगिऱ्याची वडी, चहा. शिवाय चहाही असा की साखरेत थोडा चहा घातलेला. आणि बिस्किटाचे पुडे. मला या बिस्किटांचा फार राग आहे. पूर्वी गावोगावी पिठलं-भाकरी मिळायची, आता ट्रकमधून पुडे फेकतात आणि मागं रस्ताभर वेष्टणं उडत राहतात. माउलींच्या पादुकांमागून कागद उडताना बघवत नाही. असो, विषय तो नाही.

मी माझी युक्ती केली होती. कमरेच्या पिशवीत एक छोटी स्टीलची वाटी आणि डबीत फुटाणे-दाणे. कुणी काही दिलं की त्यातलं वाटीभर घ्यायचं, बाकीचं शेजारच्या माउलीला. लोणंदपर्यंत हे झकास चाललं.

लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाचा लिंब लागतो, तिथं पहिलं उभं रिंगण होतं. त्या वर्षी पाऊस लांबलेला, जून निम्मा सरला तरी ऊन मे महिन्याचं. रिंगणासाठी सकाळपासून उभी होते. गर्दीत डबी काढायला हात वर येईना. रिंगण झालं, घोडा धावला, टापांखालची माती कपाळाला लावली, आणि लोंढ्याबरोबर पुढं ढकलली गेले. रस्त्याकडेला एक घर, पुढं कडुलिंबाची सावली, ओट्यावर एक आजी. वय ऐंशीच्या आसपास, हिरवं लुगडं, नाकात फुली. म्हणाल्या, “ये माउली, टेक.”

टेकले. आजी आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या एका हातात तांब्या, दुसऱ्या हातावर गुळाचा खडा घेऊन. लिंबाएवढा खडा. पिवळाधमक, नवा गूळ.

आता तुम्हीच सांगा. बुंदीला नाही म्हणता येतं, चहाला नाही म्हणता येतं. उन्हातून आलेल्या माणसाला म्हातारी आपल्या हातानं गूळ-पाणी देतेय, त्याला नाही कसं म्हणायचं? माझी आई असंच द्यायची. खडा तोंडात टाकला. विरघळला तसा गिळला, आणि वर घटाघटा अर्धा तांब्या पाणी.

गणिताची बाई आहे, चुका मोजून सांगते. पोट रिकामं, ही एक. गोड आणि नुसतं गोड, ही दोन. त्यावर लगेच पाणी, ही तीन. पाणी वेगळं, जेवण वेगळं, हे मी चार वर्षं पाळत आले होते आणि एका गुळाच्या खड्यासाठी विसरले.

दहा-बारा मिनिटं गेली असतील. आजींशी गप्पा चालल्या होत्या, सून कुठली, ऊस किती. बोलता बोलता माझ्या कानात गुंई आवाज सुरू झाला. मग छाती धडधडायला लागली, ब्लाउज घामानं पाठीला चिकटला, पोटात पीळ पडला. हात थरथरत होते. मी ओट्यावरच आडवी झाले.

आणि इथून पुढं एकाच वेळी माझ्यावर तीन उपचार सुरू झाले.

आजी म्हणाल्या, “साखर उतरली गं पोरीची! थांब,” आणि आत जाऊन आधीच्यापेक्षा मोठा गुळाचा खडा घेऊन आल्या. मी ओठ घट्ट मिटून मान हलवतेय, आणि त्या तर्जनीनं माझे ओठ उघडायला बघतायत. शेजारची बाई म्हणाली, दृष्ट लागलीय, गर्दीत कुणाची नजर कशी असंल. ती मीठ-मोहरी-मिरच्या आणायला पळाली. आणि आमच्या दिंडीतले एक काका, एसटीत ड्रायव्हर होते, आवाज खणखणीत, त्यांना माझं ऑपरेशन अर्धवट माहीत होतं. त्यांनी रस्त्यावर उभं राहून आरोळी ठोकली, “अँब्युलन्स बोलवा! बायपास झालेली बाई हाय! हार्ट! हार्ट!”

झालं. दिंडी थांबली. कुणी माझे पाय चोळतंय, कुणी छाती. एक मुलगा मोबाईलवर व्हिडिओ काढतोय. धुरानं मला ठसका. मी काकुळतीनं सांगतेय, “हार्ट नव्हे, पोट... पोटाचं बायपास...” पण मृदंगाच्या आवाजात पोट कोण ऐकतो? काका मला धीर देतायत, “बोलू नका ताई, बोलू नका, हार्टवर ताण येतो.”

शेवटी वैद्यकीय पथकातली एक तरुण डॉक्टर मुलगी गर्दीतून आत आली. नाडी धरली, रक्तदाब बघितला, आणि पहिला प्रश्न विचारला, “काकू, शेवटचं काय खाल्लं?” मी गुळाकडे बोट दाखवलं. “आणि बायपास कसला?” मी पोटाकडे बोट दाखवलं. ती हसलीच. सगळ्यांना बाजूला केलं, मला तसंच पडून राहायला सांगितलं. याला डंपिंग म्हणतात, श्रोतेहो. नेहमीच्या पोटात गोड गेलं की जठर ते थोडं थोडं पुढं सोडतं. माझ्या पोटात ते ‘थेट’ आतड्यात जाऊन पडतं, सगळं एकदम. इतकी साखर एकदम आली की आतडं आजूबाजूचं पाणी ओढून घेतं, मग पोटात कळा, घाम, धडधड, कधी जुलाब. अर्ध्या-पाऊण तासात आपोआप ओसरतं. माझंही ओसरलं.

आजींचं निदान मात्र अगदीच चुकीचं नव्हतं बरं का. याचा दुसरा प्रकार असतो, गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी येणारा. त्यात शरीर इन्शुलिन जास्त सोडतं आणि साखर खरोखरच उतरते. तसं वारंवार होत असेल तर घरी गूळ खात बसू नका, डॉक्टरांना गाठा.

मी उठून बसले. आजी खांबाला टेकून बसल्या होत्या, चेहरा एवढासा झालेला. त्यांना वाटलं, आपल्या हातून वारकऱ्याला विष दिलं गेलं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पोटाची पिशवी एवढीशी केलीय, आजी, मुठीत मावेल एवढी. त्या माझ्या मुठीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या,

“मग भूक कुठं ठेवलीस गं?”

मंडळी, इतक्या डॉक्टरांना भेटले, इतके फॉर्म भरले, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आणि माझ्याकडे उत्तरही नव्हतं.

मग आजींनी खर्च विचारला. म्हटलं, सगळं धरून साडेतीन लाख. त्यांनी बोटांवर हिशोब केला. “तीन म्हशी झाल्या की. तीन दुभत्या म्हशी घातल्या आन् खायचं बंद करून घेतलं.” आणि आत जाऊन माझ्याच वाटीतून हुलग्याची उसळ घेऊन आल्या. बिनगुळाची, लसणाची. म्हणाल्या, “हे तरी चालतंय ना? सावकाश खा. पाणी मागू नगंस.”

एकदा ऐकून आजींना नियम पाठ झाला. पाणी वेगळं, जेवण वेगळं.

निवेदिका ताई घड्याळ दाखवतायत, तेव्हा बाकीचं भराभर सांगते.

गोळ्या. ऑपरेशन झालं की गोळ्या जन्मभर. बी-बारा, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. वजन उतरलं, बरं वाटतंय, आता कशाला, असं म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सोडणारे खूप भेटतात. बी-बारा शरीरात साठलेलं असतं, म्हणून लगेच काही कळत नाही. कळतं तेव्हा हातापायाला मुंग्या आलेल्या असतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा नको. वर्षातून एकदा रक्त तपासा. आणि उलट्या थांबतच नसतील तर एक दिवसही थांबू नका, कारण त्यात बी-वन संपतं आणि त्याचा फटका मेंदूला, नसांना बसतो.

वेदनाशामक गोळ्या. वारीत पाय दुखले की कुणीही गोळी हातावर ठेवतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या बायपासवाल्यांनी टाळायच्या, आतल्या जोडावर व्रण होतो. पॅरासिटामॉल चालतं. ‘पोटाचं बायपास’ असं कागदावर लिहून पाकिटात ठेवा. मी ठेवते, ठळक अक्षरात. काकांची कृपा.

प्रथिनं. रोज साधारण 60 ते 80 ग्रॅम लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम. आपलं पातळ वरण दिसतं छान, पण वाटीभर वरणात प्रथिनं किती आणि पाणी किती हे ज्यानं त्यानं पळी वर करून बघावं. उसळ, अंडी, मासे, पनीर, घट्ट दही यांच्याशी आधी मैत्री करा. आणि आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन मला कोण पुण्यवान झालंय ते कुणीतरी सांगा. त्या दिवशी पंढरपुरात मी दही आणि भाजलेले दाणे खाल्ले. विठोबा काही बोलला नाही.

आता ते पाच किलो. पहिल्या दीड-दोन वर्षांत वजन सगळ्यात खाली जातं, त्यानंतर थोडं वर येणं नेहमीचं आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण माझे पाच किलो कशानं आले ते मला नेमकं ठाऊक आहे. या एवढ्याशा पोटात दोन भाकरी जात नाहीत, वाटीभर उसळीवर ते ‘बस’ म्हणतं. पण खारीला ते ‘बस’ म्हणत नाही! खारी चहात बुडवली की तिचा लगदा होतो आणि ती सरळ खाली घसरते. शेव घसरते, चिवडा घसरतो, बिस्किट घसरतं, आइस्क्रीम तर वाहतंच. पोट भरल्याचं कळतच नाही. वह्या तपासताना एक खारी, फोनवर बोलताना एक. जेवण एकदाही जास्त झालं नाही, आणि वर्षात पाच किलो वाढले.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सापडलं. भूक मी वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवली होती.

आता आमच्या घरी खारीचा डबा स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर असतो, मोठ्या पातेल्यामागं. पूर्वी एवढ्यावर काम भागलं असतं, कारण स्टुलावर चढायला गुडघे तयार नसायचे. आता गुडघे बरे झालेत, ही नवी पंचाईत आहे. नमस्कार.