‘होल्ड’ म्हटलं की ब्रेक

नमस्कार श्रोतेहो.

श्रावणात येळ्ळूरचा राजहंसगड ढगात बुडाला की बेळगावच्या सांबरा विमानतळाकडं येणाऱ्या विमानाचा नुसता आवाज ऐकू येतो. मग मनात येतं, आपल्याला विमान दिसत नाही, तर वैमानिकाला डोंगर दिसत असेल का?

दिसत नसला तरी विमानातल्या यंत्राला तो ठाऊक असतो. जगभरच्या डोंगरदऱ्यांचा नकाशा त्याच्या पोटात असतो. धोका जवळ आला की ते ओरडतं, “टेरेन! टेरेन! पुल अप!” म्हणजे पुढं डोंगर आहे, वर खेचा.

चोर्ला घाटात बस मागं घेताना कंडक्टर “होल्ड!” म्हणाला, की ड्रायव्हर आधी ब्रेक दाबतो. का, ते नंतर विचारतो. इथंही तसंच. ऑटोपायलट बंद, इंजिनं पूर्ण जोरात, पंख सरळ, नाक वर. दुसरा वैमानिक उंची मोठ्यानं वाचत राहतो. कंट्रोल टॉवरला सांगायचं ते सुटका झाल्यावर. दिवसाउजेडी, समोरचं सगळं स्वच्छ दिसत असेल, तरच थोडी मोकळीक. ढगात किंवा रात्री वाद नाही.

पण माणूस वाद घालतोच. जुनं यंत्र रेडिओ लहरींनी फक्त पोटाखालची जमीन मोजायचं, उगीचही ओरडायचं, त्यामुळं त्याच्यावर विश्वास कमी. आणि समोरचा कडा त्याला उशिरा कळायचा. 1995 च्या डिसेंबरात कोलंबियातल्या कालीजवळ इशारा मिळाला तेव्हा हातात जेमतेम बारा-तेरा सेकंद होते. वैमानिकांनी नाक लगेच उचललं, पण वेग कमी करायला पंखांवर उघडलेल्या फळ्या मिटायच्या राहून गेल्या. 159 माणसं गेली. नकाशाचं यंत्र त्यानंतर सगळीकडं आलं. तरी 2012 च्या मे महिन्यात इंडोनेशियातल्या सालाक डोंगराजवळ कॅप्टनला वाटलं, नकाशाच चुकला असेल. त्यांनी इशारा बंद केला. विमानातले सगळे 45 जण गेले. मला ही गोष्ट पहिलीपेक्षा जास्त छळते.

आणखी एक गंमत. सांबऱ्याचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फूट उंच. हवेच्या दाबावर चालणारा उंचीचा काटा चाकं धावपट्टीला टेकली तरी 2,500 च्या आसपास दाखवतो, आणि रेडिओवाला शून्य. दाबाच्या काट्याला त्या वेळच्या हवेच्या दाबाचा आकडा लावताना एका हेक्टोपास्कलची (हे दाब मोजायचं माप) चूक झाली तर उंचीत साधारण 30 फुटांचा फरक. दहांची चूक म्हणजे 300 फूट, आणि ढगात ती डोळ्यांना कळत नाही.

तेव्हा उतरता उतरता विमान एकदम गर्जून वर निघालं, तर शेजारी कुरकुरेल, “काय हो, रनवे चुकला काय?” चुकला नसेल. कारण पाऊस असेल, वारा असेल, नाहीतर धावपट्टीवर आलेलं एखादं कुत्रंही असेल. फेरी मारून ते परत येईल. बाहेर थांबलेल्या रिक्षावाल्याला तेवढं सांगून ठेवा.