जपान कपचं रेसकार्ड कसं वाचायचं, आणि बेळगावात बसून त्यावर पैसे का लावायचे नाहीत

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर छापलेलं रेसकार्ड, म्हणजे रेसमधल्या घोड्यांची माहिती देणारा कागद, वही, पेन्सिल.]

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार, आपल्या घड्याळात दुपारचे 12 वाजून 10 मिनिटं. त्या वेळेला टोकियोच्या फुचू रेसकोर्सवर जपान कप सुटतो. 2400 मीटर, हिरवळीवर, जास्तीत जास्त 18 घोडे. ही रेस सुटायच्या आधी कशी वाचायची आणि भाव कसा ठरतो, हे आज बघू. आणि परदेशी रेसच्या टिपा म्हणून जे मेसेज निपाणीपासून खानापूरपर्यंत मोबाईलवर येतात, त्यांच्याबद्दल शेवटी सविस्तर बोलणार आहे. तो भाग कृपा करून सोडू नका. हा व्हिडिओ मुळात त्याच्यासाठी केलाय.

[स्क्रीनवर: फुचू ट्रॅकचा नकाशा]

आधी मैदान. फुचूचा ट्रॅक डाव्या हाताला वळतो. 2400 ची रेस स्टँडसमोरूनच सुटते आणि फिरून पुन्हा स्टँडसमोर येते. शेवटचा स्ट्रेट, म्हणजे सरळ पट्टा, जवळजवळ 526 मीटरचा आहे, आणि त्यात चढ आहे. साधारण 460 मीटर राहिले की चढ लागतो, 300 राहिले की संपतो. उंची दोनेक मीटरच. पण दोन हजार मीटर पळून आलेल्या घोड्याला ते दोन मीटर काय असतात ते बघा. चढ संपला तरी 300 मीटर उरतातच. म्हणून इथं नुसता वेग पुरत नाही, शेवटपर्यंत दम टिकवावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: रेसची गती कोण ठरवणार?

2023 साली पँथालासा नावाचा घोडा एकटाच पुढं सुटला. पहिले 1000 मीटर त्यानं 57.6 सेकंदांत काढले. इक्विनॉक्स मागं तिसऱ्या जागेवर शांत होता. जॉकी क्रिस्तोफ लमेरनं घाई केली नाही. स्ट्रेटमध्ये पँथालासा दमला, इक्विनॉक्स पुढं गेला तो चार लेंथनं, म्हणजे चार घोड्यांच्या लांबीनं, जिंकला. वेळ 2 मिनिटं 21.8 सेकंद. पुढच्याच वर्षी उलटं झालं. पुढं जायला कुणी तयारच नव्हतं, पहिल्या 1000 मीटरला 62 सेकंदांच्या वर लागले. मग जॉकी युताका ताकेनं डू ड्यूस या घोड्याला मागनं आणलं, शेवटचे 600 मीटर 32.7 सेकंदांत. त्या वर्षीची एकूण वेळ 2 मिनिटं 25.5.

म्हणजे एकाच मैदानावर, एकाच अंतराला, दोन वर्षांत पावणेचार सेकंदांचा फरक. डू ड्यूस काही हळू घोडा नव्हता. रेसच हळू झाली होती. चिकोडी-रायबागकडं जत्रेत आरत-परत घोडागाडी शर्यत ज्यांनी बघितलीय, त्यांना हे समजवायला नको. जाताना जी गाडी धूळ उडवत पुढं जाते ती येताना कुठं असते, हे तिथलं पोरगंसुद्धा सांगतं. म्हणून कार्ड हातात आलं की मागच्या रेसची वेळ बघून भुलू नका. कुठला घोडा पुढं पळायची सवय असलेला आहे, ते शोधा. असा एकच असेल तर तो आपल्या सोयीनं रेस चालवतो. तीन असतील तर एकमेकांना दमवतात आणि मागच्यांचं काम सोपं होतं.

[कार्डावर बोट ठेवून]

हा वजनाचा रकाना, म्हणजे घोड्यानं पाठीवर जॉकीसकट वाहायचं वजन. चार वर्षं आणि वरच्या घोड्याला 58 किलो, तीन वर्षांच्याला 56, घोडीला आणखी 2 किलो सूट. म्हणून 2023 ला लिबर्टी आयलंड ही तीन वर्षांची घोडी 54 किलो घेऊन पळाली आणि इक्विनॉक्स 58. चार किलोची सूट मिळूनही ती दुसरी आली. इक्विनॉक्स किती मोठा घोडा होता, ते या आकड्यात दिसतं.

आणि हा दुसरा वजनाचा आकडा खुद्द घोड्याचा. जपानमध्ये रेसच्या दिवशी प्रत्येक घोड्याचं वजन जाहीर करतात, मागच्या वेळेपेक्षा किती वाढलं, किती घटलं तेही. दोन-चार किलोंनी काही बिघडत नाही. पण घोडा एकदम 12-14 किलोंनी उतरलेला दिसला, तर पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात तिथं, त्याच्याकडं नीट बघा. घाम फार आलाय का, अंगावरची चमक गेलीय का.

परदेशी घोड्यांचं काय? जपान कप 1981 ला सुरू झाला तोच बाहेरच्या घोड्यांना बोलावण्यासाठी, आणि पहिली रेस अमेरिकेतून आलेल्या घोडीनं जिंकली. पण 2005 ला अल्कासेद जिंकल्यावर पुढं कितीतरी वर्षं बाहेरच्याला काही मिळालं नाही. 2024 ला ऑगस्ट रोदाँसारखा एप्सम डर्बी ही इंग्लंडची मोठी रेस जिंकलेला घोडा आला आणि आठवा आला. फुचूची हिरवळ टणक आणि वेगवान, युरोपातली बहुतेक मऊ, तो फरक मोठा आहे. मग 2025 ला फ्रान्सहून कॅलँडागन आला आणि 2 मिनिटं 20.3 सेकंदांत जिंकून गेला. 2018 चा आल्मंड आय या घोडीचा 2 मिनिटं 20.6 चा विक्रमही त्यानं मोडला. त्यामुळं परदेशी म्हणून कार्डावर आंधळेपणानं काट मारू नका.

आता भाव. आपल्याकडच्या रेसकोर्सवर टोट असते, म्हणजे सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमा करून जिंकणाऱ्यांत वाटायची पद्धत, आणि लायसनवाले बुकीही असतात. जपानच्या कोर्सवर बुकी नाही, सगळी टोटच. विनच्या, म्हणजे फक्त पहिला घोडा ओळखायच्या, पूलमध्ये लोकांनी लावलेल्या पैशातले 20 टक्के आधीच बाजूला काढले जातात, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. पहिले तीन घोडे क्रमानं सांगायचे तर 27.5 टक्के कापतात, ठरलेल्या पाच रेसचे विजेते सांगायचे तर 30 टक्के. स्वप्न जेवढं मोठं, तेवढी कपात मोठी.

म्हणजे भाव हा कुणा जाणकाराचा निकाल नसतो. गर्दीनं पैसा कुठं टाकला, एवढंच तो सांगतो, आणि खिडकी बंद होईपर्यंत हलत राहतो. इक्विनॉक्सचा भाव होता 1.3. शंभर येनचे एकशेतीस. आता वहीत मांडा. या भावाला 13 वेळा शंभर-शंभर लावले तर 1300 गेले. त्यातल्या 10 वेळा जिंकलात तर 1300 परत, फायदा शून्य. 9 वेळा जिंकलात तर 1170 हातात आणि 130 चा खड्डा. तेरापैकी नऊ वेळा बरोबर येणारा माणूससुद्धा तोट्यात! इक्विनॉक्स जिंकणार हे त्या दिवशी सगळ्यांनाच माहीत होतं. प्रश्न एवढाच असतो, की या भावाला त्याची खरी शक्यता पुरते का.

[पेन्सिल खाली ठेवून]

आता आपल्या भागाबद्दल. सुप्रीम कोर्टानं 1996 ला घोड्यांच्या रेसला कौशल्याचा खेळ म्हटलं, हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवतील. ते खरं आहे. पण कर्नाटकात रेसकोर्सला 1952 च्या कायद्याखाली लायसन लागतं, आणि पैज लावायची ती त्या लायसनच्या चौकटीत, बेंगळुरू-म्हैसूरच्या क्लबकडं. तिथंही 22 सप्टेंबर 2025 पासून लावलेल्या रकमेवर 40 टक्के जीएसटी आहे. मोबाईलवरच्या पैशांच्या खेळांवर 2025 च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आणलीय, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. लॉटरी, स्वीपस्टेक असल्या गोष्टींसाठी परदेशात पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांत मुळातच मनाई आहे. म्हणून या व्हिडिओखाली कुठल्याही ॲपची लिंक नाही, आणि कधी असणारही नाही.

आता टिपवाल्याचं गणित बघा. त्याच्याकडं 1800 नंबर आहेत. रेसमध्ये 18 घोडे. तो शंभर जणांना एक नंबरचा घोडा सांगतो, पुढच्या शंभर जणांना दोन नंबरचा, असं करत अठराही घोडे वाटून टाकतो. रेस झाली की 100 लोकांना त्याची टिप बरोबर आलेली असते. पुढच्या रेसला दहा घोडे असले, तर त्याच शंभरात दहा-दहाचे गट. आता दहा जण असे उरले, ज्यांना त्यानं लागोपाठ दोन विजेते सांगितले. त्या दहा जणांपुरता तो देवमाणूस झाला, आणि बाकीच्यांना त्यानं ब्लॉक केलंय. या दहा जणांकडनं तो पैसे मागतो.

पुढची पायरी ॲपची. पाचशे टाका, आठशे दिसतात, आठशे खरंच खात्यावर येतात. विश्वास बसतो. मग मोठी रक्कम जाते. स्क्रीनवर दीड लाख दिसतात, पण काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’. टॅक्स भरला की ‘आता प्रोसेसिंग फी’. त्या स्क्रीनवरच्या दीड लाखातला एक रुपयाही कुठं नसतो. ही जपानची रेस होते ती नोव्हेंबरात, आपल्याकडं कारखाने सुरू झालेले असतात, अथणी-रायबागकडं उसाच्या बिलाची वाट बघणं सुरू असतं. घरात चार पैसे यायच्या दिवसांत असा मेसेज आला, तर घरातल्या पोरांशी आधी बोला की. रागावू नका, बोला. पैसे गेलेले असले तर लाजेनं गप्प बसू नका. ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जेवढं लवकर कराल तेवढी खात्यातली रक्कम अडवता यायची शक्यता जास्त. आणि कुणी ‘तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो’ म्हणालं, तर स्पष्ट नाही म्हणा. त्याच खात्यातनं दुसऱ्यांचे लुटलेले पैसे फिरतात आणि पोलीस येतात ते तुमच्या दारात.

रेस मात्र जरूर बघा. जॉकींच्या टोप्यांचे रंग पाठ करून ठेवा, घोडे झटकन ओळखता येतात. घोडे आठ गटांत विभागलेले असतात: पहिल्या गटाला पांढरी, मग काळी, लाल, निळी, पिवळी, हिरवी, केशरी, आणि आठव्याला गुलाबी. रेस सुटायच्या आधी वहीत लिहा, पुढं कोण जाणार, पहिले 1000 मीटर किती सेकंदांत होतील, आणि चढावर कोण थांबेल. तुमचा अंदाज खाली कमेंटमध्ये टाका, कारणासकट. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी हाँगकाँगला शा टिनवर एकाच दिवशी चार आंतरराष्ट्रीय रेस असतात, 1200 पासून 2400 मीटरपर्यंत, आणि तिथला ट्रॅक उजवीकडं वळतो. पुढच्या व्हिडिओत त्यातली 2000 मीटरची हाँगकाँग कप घेऊ.