हातात टॅब, पण ॲप फक्त फोनवर

श्रोतेहो, नमस्कार.

घरात एक फोन, एक टॅब आणि एक कॉम्प्युटर असला की आपल्याला वाटतं, आता कुठलंही काम कुठूनही उरकता येईल. प्रत्यक्षात बँकेचं ॲप फोनवर चालतं आणि टॅबवर अडतं. एखादा सरकारी फॉर्म कॉम्प्युटरवर नीट उघडतो, पण फोनवर त्याचं शेवटचं बटणच पडद्याबाहेर जातं. भावाच्या अँड्रॉइडवर असलेलं ॲप बहिणीच्या आयफोनवर सापडतच नाही. मी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात लोकांना फोन आणि टॅब वापरायला शिकवते. तिथे जे प्रश्न घेऊन लोक येतात, त्यात शिकण्यासारखं काही नसतंच कितीतरी वेळा. माणूस सगळं बरोबर करत असतो. त्याच्या हातातल्या यंत्रासाठी ते ॲप कुणी बनवलेलंच नसतं.

एका आजींची गोष्ट सांगते. मुलाने त्यांना मोठ्या पडद्याचा टॅब घेऊन दिला होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही फोनवरची अक्षरं त्यांना त्रास देतात, आणि टॅबवर त्या रोज पेपर वाचतात, नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. आता लाइटबिलही यावरूनच भरायचं, त्याआधी खात्यातली शिल्लक बघायची, असं त्यांनी ठरवलं. आम्ही बँकेचं ॲप उतरवलं. उघडल्यावर टॅब आडवा धरला तरी ॲप उभंच राहिलं. मधोमध फोनएवढी पट्टी, दोन्ही बाजूंना काळा पडदा, आणि त्या पट्टीत अक्षरं पुन्हा फोनएवढीच. तरी नेटाने पुढे गेलो, तर ॲपने विचारलं, कोणतं सिम निवडायचं? टॅब वाय-फायवर चालणारा, त्यात सिमची जागाच नाही. ‘पुढे’ हे बटण करड्या रंगाचं होऊन बसलं ते बसलंच. आजी म्हणाल्या, "अगं, यात मोठं दिसतं म्हणून तर घेतलाय ना हा!" त्यांना काय उत्तर द्यायचं?

सिम का मागतात, हे आधी नीट सांगायला हवं, कारण त्यामागे खरं कारण आहे. यूपीआय सुरू करताना तुमच्या फोनमधून एक एसएमएस आपोआप जातो आणि खात्याला जोडलेलं सिम याच फोनमध्ये आहे, याची त्यातून खात्री होते. कुणी तुमचा पिन चोरला तरी दुसऱ्या फोनवरून पैसे काढणं त्यामुळे अवघड होतं. या सुरक्षेला माझा अजिबात विरोध नाही, उलट ती असायलाच हवी. पण आजींना तर आधी फक्त शिल्लक बघायची होती. तेवढं काम कॉम्प्युटरवरच्या नेटबँकिंगमध्ये कितीतरी वर्षं सिमशिवाय होतं आहे. मग ॲपचं दार सगळ्याच कामांसाठी एकदम बंद का? पैसे पाठवायला कडक तपासणी आणि नुसतं बघायला थोडी मोकळीक, एवढा फरक करता येतो. तो करायचा कंटाळा केला जातो, आणि त्याचा त्रास ज्याची नजर अधू आहे त्याला होतो.

ॲप बनवणाऱ्यांचीही एक बाजू आहे. अँड्रॉइडचं ॲप साधारणपणे कॉटलिन किंवा जावा भाषेत लिहितात, आयफोनचं स्विफ्टमध्ये. दोन्हीकडे एकाच लिखाणातून चालावं अशी साधनं आता आहेत, तरी प्रत्येक पडद्यावर तपासणी वेगळी करावी लागते, ॲप जिथून उतरवतात त्या प्ले स्टोअर, ॲप स्टोअरसारख्या दुकानांचे नियम वेगळे पाळावे लागतात. आपल्या देशात दहातले नऊ फोन अँड्रॉइडचे. त्यामुळे दोन-तीन जणांची छोटी कंपनी आधी अँड्रॉइडचा विचार करते, हे मी समजू शकते.

मोठ्या कंपन्यांना मात्र ही सबब देता येणार नाही. आयपॅड बाजारात आला 2010 साली. त्याच वर्षी इन्स्टाग्राम सुरू झालं, आणि इन्स्टाग्रामचं आयपॅडसाठीचं ॲप यायला 2025 उजाडलं. व्हॉट्सॲपही आयपॅडवर 2025 च्या मे महिन्यातच आलं. पंधरा वर्षं! मधल्या काळात लोक आयपॅडवर ब्राउझर, म्हणजे वेबसाइट बघायचं ॲप, उघडून, क्यूआर कोड स्कॅन करून कसंबसं भागवत होते. खुद्द ॲपलने आयपॅडमध्ये साधा कॅल्क्युलेटर दिला तो 2024 मध्ये. पैसा आणि माणसं दोन्ही असलेल्या कंपन्यांकडून हे झालं. मला याचं कारण असं दिसतं, की फोन चोवीस तास आपल्याजवळ असतो. त्यात आपले संपर्क असतात, आपण कुठे आहोत ते कळतं, सूचना पाठवून आपल्याला कधीही हाक मारता येते. कंपनीला आपण फोनवरच हवे असतो. आपल्याला कुठे सोयीचं पडतं, हा प्रश्न तिच्या यादीत बराच खाली असतो.

व्हॉट्सॲपचंच बघा. 2015 च्या जानेवारीत ते कॉम्प्युटरवर आलं, पण फोनचं नेट बंद झालं की कॉम्प्युटरवरचंही बंद. ती अट निघायला 2021 साल यावं लागलं. आजही मुख्य फोन चौदा दिवसांहून जास्त काळ वापरला नाही, तर जोडलेली बाकी यंत्रं आपोआप लॉगआउट होतात. फोन दुरुस्तीला टाकलेल्या माणसाला हे विचारा.

आणि जे दिलं ते टिकेलच, असंही नाही. विंडोज 11 वर अँड्रॉइडची ॲप्स चालवायची सोय मायक्रोसॉफ्टने केली होती, ती 5 मार्च 2025 ला बंद झाली. त्याआधी नोकियाचे विंडोजवर चालणारे लुमिया फोन हौसेने घेतलेल्यांना तर ॲप्सची वाट बघण्यातच दिवस काढावे लागले, आणि 2019 च्या शेवटी विंडोज फोनवरचं व्हॉट्सॲपही थांबलं. फोन धडधाकट होते, बॅटरी चालत होती. तरी ते बाद झाले.

आता जिथे कुणीतरी विचार केलाय, अशी उदाहरणंही सांगते. बालभारतीच्या पुस्तकांत ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या सेवेचे क्यूआर कोड असतात. मुलाचं पुस्तक हातात घेऊन बघा, त्या चौकोनाखाली सहा अक्षर-अंकांचा एक छोटा कोड छापलेला आहे. घरात स्मार्टफोन नसेल, कॅमेरा बिघडला असेल, तरी शाळेतल्या किंवा शेजारच्या कॉम्प्युटरवर दीक्षाच्या वेबसाइटवर तो कोड टाइप केला की तोच धडा उघडतो. एवढीशी सहा अक्षरं, पण त्यांनी पुस्तक एका यंत्राला बांधलेलं ठेवलं नाही. सातबाऱ्याचंही तसंच. जमिनीच्या नोंदींची सरकारी वेबसाइट ‘महाभूलेख’ फोनवर उघडा, नाहीतर तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत उघडा, उतारा दिसतो. साध्या बटणांच्या फोनवाल्यांसाठी रिझर्व्ह बँकेने 2022 च्या मार्चमध्ये ‘यूपीआय 123पे’ सुरू केलं, त्यात इंटरनेटशिवाय, फोन लावून पैसे पाठवता येतात.

ई-पीक पाहणीसारखं काम फोनवरच व्हावं, हे योग्यच आहे. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, जागेची नोंद घ्यायची, ते घरच्या कॉम्प्युटरवरून कसं होणार? तेव्हा प्रत्येक गोष्ट प्रत्येक यंत्रावर हवी, असा हट्ट मी धरत नाही. माझं मागणं एवढंच आहे, की ज्या सेवेवाचून माणसाचं अडतं, म्हणजे बँक, वीज, पाणी, शाळा, दवाखाना, ती साध्या ब्राउझरमध्ये उघडलीच पाहिजे. ॲप ही त्यावरची जास्तीची सोय असावी. ब्राउझर फोनमध्ये आहे, टॅबमध्ये आहे, दहा वर्षं जुन्या कॉम्प्युटरमध्येही आहे. आणि आता वेबसाइटला ॲपसारखं वागवता येतं. पानाच्या मेनूत जाऊन ते होम स्क्रीनवर ठेवलं की चिन्ह तयार होतं. अशा चिन्हांवरून सूचना मिळण्याची सोय अँड्रॉइडवर आधीपासून होती, 2023 पासून ती आयफोनवरही आली. तंत्र तयार आहे, वापरायची इच्छा हवी.

तोवर आपण काय करायचं? टॅब घेणार असाल तर दुकानात आधी विचारा, यात सिम बसतं का. थोडे पैसे जास्त पडतात, पण बँकेच्या कामाला वापरायचा असेल तर सिमचाच घ्या. मात्र खात्याला जोडलेलं सिम त्यात घालावं लागेल, आणि बँकेचं ॲप टॅबवर चालतं का, हे बँकेत विचारूनच पैसे मोजा. एखादं ॲप मिळालं नाही, तर त्या सेवेचं नाव ब्राउझरमध्ये शोधा, कितीतरी वेळा वेबसाइटवर काम होऊन जातं. पण वेबसाइटचा पत्ता नीट तपासा, कारण हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट असतात. ॲप कुठल्या तरी भलत्याच ठिकाणाहून उतरवून घेऊ नका, कुणी व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली तर मुळीच नको. आणि बँकेला लिहा. मराठीत लिहा, आपल्या टॅबचं नाव, कुठल्या पानावर अडलं ते, आणि आपल्याला दिसायला त्रास होतो हेही लिहा.

आणखी एक जागा आहे, जिथे निर्णय आपल्याच हातात असतो. सोसायटीच्या सभेत गेटसाठी, मेंटेनन्ससाठी ॲप घ्यायचं ठरतं. शाळेच्या पालकसभेत सूचनांसाठी ॲप ठरतं. तेव्हा हात वर करा आणि विक्रेत्याला विचारा, हे कॉम्प्युटरवर उघडतं का? आयफोनवर आहे का? तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे बटणांचा फोन आहे, त्यांच्याकडे पाहुणा आला तर गेटवरून त्यांना कसं कळवणार? याचं उत्तर मिळाल्याशिवाय ठरावावर सही करू नका, आणि इंटरकॉम तर काढू देऊच नका.

नमस्कार.