मावशींचं मूल कोणापाशी?

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात बघा. गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेली मुलगी ऐरोलीला उतरते. कारखान्यात पॅकिंग करणारी रबाळ्याला उतरते, आणि घरकामाच्या मावशी घणसोली-कोपरखैरण्याला. तिघीही उतरण्याआधी एकदा घरी फोन लावतात. उठला का, खाल्लं का, रडला का. नोकरी आणि घर यांचा मेळ घालायचा म्हणतो, तो इथून सुरू होतो. पण तिघींच्या हाताशी असलेली साधनं सारखी नाहीत, आणि आज मला तेवढंच बोलायचं आहे.

2017 मध्ये प्रसूती लाभ कायदा सुधारला. पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन यायची मुभा मिळाली. फार मोलाचा बदल होता हा. ऐरोलीच्या मुलीला त्याचा आधार आहे. रबाळ्याच्या छोट्या युनिटमध्ये मात्र वीस-पंचवीसच माणसं असतात, तिथे पाळणाघराचं कलम लागूच होत नाही. आणि मावशी? त्या चार घरी धुणीभांडी करतात. प्रत्येक घरी कामाला एकट्याच. पन्नासाचा आकडा कुठून भरायचा? घरकामगारांसाठी राज्याने 2008 मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला खरा, पण मंडळात नाव असलं तरी दुपारी मूल कुठे ठेवायचं, हा प्रश्न राहतोच.

त्याचं उत्तर मी दिघ्याच्या एका चाळीत पाहिलं. दहा-अकरा वर्षांची मुलगी. धाकट्या भावाला झोळीत टाकलेलं, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवलेली. झोका देत देत ती वहीत पाढे लिहीत होती. शेजारी झाकून ठेवलेला भात. शाळेचा दिवस होता, आणि ती घरी होती. त्याच वेळी तिची आई एका टॉवरमध्ये दुसऱ्याच्या बाळाला वरणभात भरवत होती.

मी टॉवरमधल्या आईला दोष देत नाही. मावशींचा खाडा झाला की तीच मांडीवर मूल घेऊन, कॅमेरा बंद ठेवून मीटिंगला बसते. शेजारच्या खोलीत नवऱ्याची मीटिंग चालूच असते. केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची 88. म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त, आणि जेमतेम दीड तास. चांगल्या पगाराच्या घरांत ही तफावत डोळ्यावर येत नाही, कारण माझ्या मते पुरुषाने उचलायचा वाटा तिथे मावशींनी उचललेला असतो. आणि मावशींचा वाटा त्यांच्या थोरल्या लेकीने.

म्हणून पाळणाघर वस्तीत हवं. ते कंपनीच्या हजेरीपटाला बांधून चालणार नाही. अंगणवाडी आहे, पण ती काही तासांची. आई कामावरून यायच्या आत मूल घरी. केंद्राच्या मिशन शक्तीत ‘पाळणा’ नावाची योजना आहे, तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. दिघा, तुर्भे, वागळे इस्टेट, कळवा इथे तिची सर्वात जास्त गरज आहे. वेळ मात्र आईच्या कामाची धरा, कचेरीची नको. तुमच्या भागातला नगरसेवक मत मागायला दारात येईल तेव्हा रस्ता आणि पाण्याबरोबर हेही विचारा.

आणि घरातलं आपल्या हातात आहे. मावशींना आठवड्याची एक पगारी सुट्टी ठरवून द्या. मूल तापलं म्हणून त्या आल्या नाहीत, तर त्या दिवसाचे पैसे कापू नका. त्यांना बाळंतपणाची रजा पगारासकट द्या आणि परत आल्यावर काम त्यांचंच ठेवा. चार घरांनी मिळून ठरवलं तर कोणा एकावर बोजा येत नाही. सोसायटीचा हॉल दुपारी रिकामाच असतो. मावशींची मुलं तिथे बसू शकतील का, हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. त्यासाठी सचिवांना आधी लेखी पत्र द्यावं लागतं. ते पत्र या आठवड्यात द्या.

नमस्कार.