सेव्हर्नाया झेम्ल्याचा नकाशा आणि निकोलाय उर्वान्त्सेव्ह

श्रोतेहो, नमस्कार.

ध्रुवप्रदेशाचं नाव काढलं की आपल्याला आमुंडसेन आठवतो, स्कॉट आठवतो. ध्रुवावर पाऊल कोणी आधी ठेवलं, ही शर्यत शाळेपासून आपल्या ओळखीची आहे. आज मला बोलायचंय ते एका वेगळ्या माणसाबद्दल. तो कुठल्याही शर्यतीत नव्हता. त्यानं नकाशा काढला. त्याचं नाव निकोलाय निकोलायेविच उर्वान्त्सेव्ह, आणि हे नाव आपल्याकडे जवळजवळ कुणीच ऐकलेलं नाही.

सैबेरियाच्या उत्तर टोकाला तैमिर द्वीपकल्प आहे. त्याच्याही वर, समुद्रात, सेव्हर्नाया झेम्ल्या नावाचा मोठाल्या बेटांचा एक समूह आहे. १९१३ सालापर्यंत तो जगाच्या कुठल्याच नकाशावर नव्हता. त्या वर्षी विल्कित्स्कीच्या रशियन जहाजांना तिथे जमीन दिसली, झेंडा रोवला गेला. पण दिसला तो पूर्वेकडचा किनारा, तोही तुकड्यातुकड्यानं. ही जमीन किती, सलग आहे की बेटं आहेत, पश्चिमेला काय आहे, हे पुढची सतरा वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं.

१९३० च्या ऑगस्टमध्ये 'गिओर्गी सेदोव्ह' या बर्फफोड्या जहाजानं चार माणसांना तिथल्या दोमाश्नी नावाच्या चिमुकल्या बेटावर उतरवलं. प्रमुख उशाकोव्ह, शिकारी झुरावल्योव्ह, तरुण रेडिओचालक खोदोव्ह आणि शास्त्रज्ञ म्हणून आपले उर्वान्त्सेव्ह. सोबत कुत्री, एक छोटं लाकडी घर आणि सामान. जहाज परत गेलं. दोन वर्षं हे चौघं तिथे राहिले.

आता नकाशा होतो कसा, ते जरा नीट सांगतो, कारण मला या माणसाचं मोठेपण तिथेच दिसतं. कुत्र्यांच्या घसरगाडीमागे सायकलच्या चाकासारखं एक चाक बांधलेलं असायचं. ते बर्फावरून फिरत जायचं आणि त्याला जोडलेलं मोजयंत्र अंतर नोंदवायचं. दिशा होकायंत्रानं घ्यायची. पण चुंबकीय ध्रुवाच्या जवळ होकायंत्र सुस्तावतं, त्यावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही. म्हणून ठरावीक ठिकाणी थांबून थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, लावायचा, सूर्याचे वेध घ्यायचे आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश पक्के करायचे. कडाक्याच्या थंडीत उघड्या बोटांनी त्या यंत्राचे बारीक स्क्रू फिरवायचे, आकडे पेन्सिलीनं वहीत उतरवायचे. हे काम हातमोजे घालून होत नाही.

रेखांशासाठी अचूक वेळ लागते. घड्याळ चार मिनिटं चुकलं की रेखांश एका अंशानं चुकतो. तिथे, ८० अक्षांशाच्या आसपास, एक अंश म्हणजे सुमारे १९ किलोमीटर. म्हणजे किनारा नकाशावर १९ किलोमीटर सरकला! ही चूक टाळायला आधार होता रेडिओवरून येणाऱ्या वेळेच्या संकेतांचा. आपण वेळ लावायला रेडिओ ऐकत आलो, त्याच रेडिओनं तिथे जमिनीची जागा ठरवली. आकाशवाणीवरून हे सांगताना मला विशेष आनंद होतोय.

१९३१ च्या उन्हाळ्यात त्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला. बर्फ वितळायला लागला, वर पाणी साचलं. माणसं गुडघ्यापर्यंत त्या पाण्यातून चालली, कुत्री कुठेकुठे अक्षरशः पोहली. तरीही मोजणी सोडली नाही. आणि तेव्हाच एक मोठी गोष्ट हाती लागली. १९१३ च्या नोंदीत शोकाल्स्की नावाचा उपसागर होता. तो आरपार जाणारी सामुद्रधुनी निघाला. १९३२ मध्ये जहाज त्यांना न्यायला आलं तेव्हा सेव्हर्नाया झेम्ल्याचं चित्र स्पष्ट झालं होतं: चार मोठी बेटं, अनेक लहान, मिळून सुमारे ३७,००० चौरस किलोमीटर.

उर्वान्त्सेव्ह मुळात भूशास्त्रज्ञ. त्याआधीच, १९१९ पासून, त्यांनी उत्तर सैबेरियातल्या नोरिल्स्कच्या परिसरात कोळसा आणि तांबे-निकेलचे साठे शोधले होते. तिथलं पहिलं लाकडी घर त्यांच्याच तुकडीनं १९२१ मध्ये बांधलं. पुढच्या वर्षी प्यासिना नदीच्या मुखाकडे जाताना त्यांना आमुंडसेनची टपाल सापडली. ती घेऊन निघालेले दोन नॉर्वेजियन दर्यावर्दी वाटेतच बेपत्ता झाले होते.

अशा माणसाला १९३८ मध्ये अटक झाली. स्टालिनच्या काळात आरोप रचायला वेळ लागत नसे. आणि शिक्षा भोगायला अखेर पाठवलं कुठे? नोरिल्स्कच्या छावणीत! ज्यानं तिथलं खनिज शोधलं, तोच तिथे कैदी म्हणून भूशास्त्रज्ञाचं काम करत राहिला. मला हे वाचताना राग येतो, आणि तो यावाच असं मला वाटतं. त्यांच्या पत्नी येलिझावेता इव्हानोव्हना डॉक्टर होत्या. त्या नोरिल्स्कला येऊन त्यांच्याजवळ राहिल्या.

१९४५ मध्ये सुटका झाली, पण निर्दोष ठरवायला १९५४ साल उजाडलं. मधली वर्षं या माणसाचं नाव आदरानं घेण्याची सोय नव्हती. मोहिमेचं श्रेय उशाकोव्हच्या नावाशी जोडलं गेलं. उशाकोव्हची योग्यता वादातीत आहे; त्याच्या शेवटच्या इच्छेनुसार त्याची रक्षा दोमाश्नी बेटावरच ठेवली आहे. पण नकाशावरची किनाऱ्याची रेघ मोठ्या प्रमाणात उर्वान्त्सेव्हच्या वहीतून आलेली आहे, हे विसरलं गेलं.

सुटकेनंतरही ते उत्तरेवर काम करत राहिले. १९८५ मध्ये, ९२ व्या वर्षी, त्यांचं लेनिनग्राडमध्ये निधन झालं. त्यांची रक्षाही नोरिल्स्कमध्येच आहे. १९२१ चं ते लाकडी घर आता संग्रहालय म्हणून जपलंय. घरात नकाशाचं पुस्तक असेल तर मुलांना घेऊन बसा, तैमिरच्या वर कारा आणि लाप्तेव्ह समुद्रांच्या मधली ही बेटं शोधा, आणि ती कुणी कशी मोजली ते त्यांना सांगा.

नमस्कार.